चिठ्ठी लिहून झाल्यावर



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातचं औषध घेतलेली बरीच मंडळी समोर बसली आहेत. संयोजकांशी बोलताना त्यांची एक सवय मला कळली. औषध लागू पडलं की नाही ते सांगायला ते रुग्णाला मुद्दाम परत बोलवत आणि त्या खेपेची फी घेत नसत. आज मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या एका सवयीत आहे.

विषय दिला आहे तो वैद्यक आणि माहिती तंत्रज्ञान या दोन व्यवसायांतल्या निरंतर शिक्षणाचा. इथे मढमध्ये, मुंबईच्या किनाऱ्यावरच्या या गावात, ही जोडी चटकन समजेल. इथल्या घराघरांतून कुणी सकाळच्या फेरीबोटीने वर्सोव्याला उतरून अंधेरीच्या सीप्झ-एमआयडीसीत जातं, कुणी २७१ नंबरच्या बसने मालाडला माइंडस्पेसमध्ये, कुणी कूपर रुग्णालयात किंवा कांदिवलीच्या शताब्दीला नर्स, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट म्हणून. बावीस-तेविसाव्या वर्षी हातात पडलेलं प्रमाणपत्र चाळिशीत पुरत नाही, हे या दोन्ही वाटांवरच्या मुलामुलींना लवकर कळतं. तरी ते पुरं करायचं कसं, हे दोन्हीकडे कुणी नीट सांगत नाही. मी वैद्यक शिकवत आलो आणि नंतर रुग्णालयांच्या संगणक-नोंदींच्या कामात पडलो, म्हणून दोन्ही घरं मला आतून ठाऊक आहेत.

दर्यावरच्या धंद्यात एक व्यवस्था आहे, तिचा मला हेवा वाटतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, मासेमारी बंद. बंदी माशांच्या पैदाशीसाठी आणि पावसाळी समुद्रासाठी आहे, पण त्या दिवसांत होड्या किनाऱ्याला ओढून शाकारल्या जातात, तळ खरवडून रंग लागतो, इंजिन उतरतं, फाटलेली जाळी माणसं एकत्र बसून विणतात. एखाद्याचं जाळं कुठल्या जागी सारखं फाटतं, हे सगळ्यांना दिसतं. सबंध धंदा एकदम थांबतो, म्हणून दुरुस्तीला बसलेल्या माणसाचं नुकसान होत नाही. डॉक्टरला आणि संगणक अभियंत्याला असा बंदीचा काळ नाही. त्यांनी चालत्या होडीतच जाळं विणायचं असतं.

आता डॉक्टरांपुरता नियम सांगतो. भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे नियम केले. त्यांत दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षणाला द्यावेत असं कलम आहे. महाराष्ट्रात पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर महाराष्ट्र वैद्यक परिषद या तासांचे क्रेडिट पॉइंट मागते. पाच वर्षांत ३० तास म्हणजे वर्षाला ६, म्हणजे महिन्याला अर्धा तास. हे कमी आहेच. पण तास वाढवून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. त्या तासांत काय होतं ते पाहायला हवं.

रविवारची सकाळ असते, उपनगरातल्या एखाद्या हॉटेलचं सभागृह असतं. दाराशी सहीचं रजिस्टर, शेजारी औषध कंपन्यांचे स्टॉल. आत एखादे नामवंत तज्ज्ञ पडद्यावर आलेख दाखवत बोलत असतात, आणि खरोखर चांगलं बोलत असतात. ऐकणाऱ्यांत वीस-पंचवीस वर्षं दवाखाना चालवलेले जीपी. त्यांतला प्रत्येक जण आदल्या दिवशी पन्नास-साठ रुग्ण तपासून आलेला. पण त्या रुग्णांपैकी एकाचाही केसपेपर त्या सभागृहात नसतो. तज्ज्ञ आपले रुग्ण सांगतात, श्रोत्यांचे रुग्ण श्रोत्यांच्या डोक्यातच राहतात, आणि प्रश्नोत्तरं सुरू होईपर्यंत जेवणाची वेळ होते. टोरंटोच्या डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अशा कार्यक्रमांच्या चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांच्या कामात फरक पडल्याचं त्यांना आढळलं नाही. जिथे डॉक्टरांना स्वतः काही करून पाहायला, चर्चा करायला लावलं होतं, तिथे फरक पडत होता. याला पंचवीसहून अधिक वर्षं झाली, आणि आपली सभागृहं तशीच भरतात.

खर्च कोण करतं, हा प्रश्नही इथेच येतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे नियम जाहीर केले. औषध कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी भाग घेऊ नये असं त्यांत होतं. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठी विपणनाची आचारसंहिता काढली आणि डॉक्टरांच्या प्रवासखर्चावर बंधनं घातली. पाऊल योग्य आहे. पण कंपनीचा पैसा काढून घेतल्यावर तिथे कुणाचा पैसा येणार, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही. महापालिकेने, परिषदेने, विद्यापीठाने तो खर्च उचलला नाही, तर दवाखाना बंद ठेवून शिकायला येणाऱ्या छोट्या डॉक्टरवरच तो पडतो.

हे सगळं किती महागात पडतं याचा पुरावा मुंबईतच आहे. १९९१ साली मुकुंद उपलेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या खासगी डॉक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षयाच्या रुग्णाला काय द्याल, ते चिठ्ठीवर लिहा, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं होतं. १०० डॉक्टरांनी ८० वेगवेगळे उपचार लिहिले. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० साली, हिंदुजा रुग्णालयाचे झरीर उदवाडिया, लान्सलॉट पिंटो आणि तेच उपलेकर यांनी हाच प्रश्न मुंबईतल्या १०६ खासगी डॉक्टरांना पुन्हा विचारला. ६३ वेगवेगळे उपचार लिहिले गेले. बरोबर चिठ्ठी लिहिणारे निघाले ६. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची योग्य चिठ्ठी लिहू शकले ३.

या वीस वर्षांत काय झालं नव्हतं? १९९७ साली सुधारित राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला. देखरेखीखाली औषध देण्याच्या पद्धतीचा ‘डॉट्स’ हा शब्द रिक्षावाल्यांपर्यंत पोचला. व्याख्यानं झाली, पुस्तिका छापल्या गेल्या, पोस्टर लागले. मग डॉक्टरची चिठ्ठी का बदलली नाही?

मला सापडलेलं उत्तर असं. क्षयाच्या रुग्णाला चुकीची औषधं दिली, तरी पहिल्या दीड-दोन महिन्यांत त्याला बऱ्याचदा बरं वाटतं. ताप उतरतो, भूक लागते, वजन किलो-दोन किलो वाढतं. तो औषध सोडतो. पुन्हा खोकला सुरू झाला की दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, कारण पहिल्याचं औषध लागू पडलं नाही असं त्याला वाटतं. पहिल्या डॉक्टरला मात्र तो रुग्ण न आल्यामुळे बरा झालासा वाटतो. चुकीची चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या वहीत ती यशस्वी म्हणून जमा होते! २०११ च्या अखेरीस हिंदुजामधूनच जवळपास कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदवले गेले. त्यांतल्या तिघांची मागची वाट तपासली, तेव्हा दीड वर्षात त्यांनी सरासरी चार खासगी डॉक्टर केले होते आणि प्रत्येकाने औषधांत आपली भर घातली होती. त्या डॉक्टरांपैकी किती जणांना आपल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते कळलं असेल?

अनुभवाने माणूस शिकतो, असं आपण सहज म्हणतो. शिकतो, पण अनुभवाचा शेवट त्याला पाहायला मिळाला तर. २००५ साली नितीश चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांची प्रॅक्टिसची वर्षं आणि कामाची गुणवत्ता यांचा संबंध पाहणारे ६२ अभ्यास एकत्र केले. त्यांतल्या ३२ अभ्यासांत वर्षं वाढतील तशी गुणवत्ता घसरत गेलेली दिसली, तीही तपासलेल्या प्रत्येक बाबतीत. ज्येष्ठ डॉक्टरांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. रोज पन्नास रुग्ण पाहणारा माणूस आळशी नसतो. त्याच्यापर्यंत निकाल परत येण्याची सोयच आपण केलेली नाही.

सोय नसताना एका माणसाने ती स्वतः कशी केली, ते आता थोडं सावकाश सांगतो. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस झाले आणि १९७६ साली रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. गवत कापताना, दगड उचलताना, चपलेत पाय घालताना विंचू डसतो. आणलेला रुग्ण घामाने भिजलेला, हातपाय गार. काही तासांनी धाप लागते, तोंडातून गुलाबी फेस येतो आणि माणूस जातो. त्यांत लहान मुलं पुष्कळ. पुस्तकात या विंचवाबद्दल चार ओळी होत्या. अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगीची इंजेक्शनं असे उपचार चालत, आणि रुग्ण मरत.

बावस्करांनी पहिली गोष्ट केली ती अशी की ते रुग्णाजवळ बसले. रात्र रात्र बसले. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम किती वाजता आला, उलटी किती वाजता झाली, हात गार कधी पडले, सगळं लिहीत गेले. त्या नोंदींतून त्यांना दिसलं की विंचवाच्या विषाने शरीरातली उत्तेजक रसायनं एकदम सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे मृत्यू हृदयाच्या वाटेने येतो. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची ही लक्षणांची नोंद आली. मधल्या काळात पुण्याला जाऊन ते एमडी झाले आणि परत कोकणातच आले. रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करील, हे त्यांनी ताडलं, वापरून पाहिलं, आणि १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलं. शंभरातले तीस-चाळीस रुग्ण ज्यात दगावत, त्या दंशात मृत्यू एका टक्क्याच्या आसपास आले. गोळी तालुक्याच्या कुठल्याही औषध दुकानात मिळणारी, तोंडाने देता येणारी.

बहुतेक जण ही गोष्ट इथे थांबवतात. माझ्या दृष्टीने तिचा महत्त्वाचा भाग यापुढे आहे. प्राझोसिन हे त्यांच्या नावाशी जोडलेलं औषध. त्याच्या जोरावर उरलेलं आयुष्य सत्कार घेत घालवता आलं असतं. पण पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाचं प्रतिविष तयार होऊ लागलं. बावस्करांनी महाडमध्ये ७० रुग्णांची रीतसर चाचणी केली : निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते दोन्ही औषधं मिळालेल्या ३५ पैकी ३२, आणि नुसत्या प्राझोसिनवरच्या ३५ पैकी ८. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या नावाने छापला. आपल्याच उपचारापेक्षा अधिक चांगला उपचार आहे, हे वयाच्या साठीत, पंचवीस वर्षांनंतर, आपल्याच रुग्णांवर तपासून सांगणं, याला मी निरंतर शिक्षण म्हणतो. ते कुठल्या सभागृहात झालं नाही. त्याला क्रेडिट पॉइंट किती, हे मला विचारू नका. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

प्रत्येक जण बावस्कर होणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणं बरोबरही नाही. एका माणसाने एकट्याने, झोप मोडून जे केलं, ते शंभर साध्या डॉक्टरांना दिवसाच्या कामात करता येईल अशी व्यवस्था उभारणं, हे आपलं काम आहे.

आता संगणकाच्या बाजूला वळू. तिथे परिषद नाही, नोंदणी नाही, नूतनीकरण नाही. डॉक्टरला ३० तास तरी सांगितले आहेत, अभियंत्याला कुणीच काही सांगितलेलं नाही. आणि तरीही हा धंदा पहिल्यापासून शिकत शिकतच उभा राहिला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने टिफ्रॅक हा संगणक १९६० साली चालू केला, तेव्हा देशात संगणकशास्त्राची पदवी नव्हती. करता करता शिकायचं, एवढीच वाट होती. पुढे जुहूला एनसीएसटी ही संस्था होती. १९८५ साली ती स्वतंत्र झाली आणि नंतर सी-डॅकमध्ये विलीन झाली. नोकरी करणाऱ्या माणसाला संध्याकाळी शिकता येईल असे अभ्यासक्रम तिथे चालत. तिची परीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध होती, पण कुठल्या कॉलेजातून आलात हे ती विचारत नसे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात देशातल्या पहिल्या ई-मेलपैकी काही जुहूच्या या संस्थेतून पवईच्या आयआयटीला गेल्या. मढच्या मुलामुलींसाठी वर्सोव्याच्या जेटीपासून ती जागा लांब नव्हती. अशी संस्था उपनगरात पुन्हा हवी, असं मला मनापासून वाटतं. २००१ पासून एमएस-सीआयटीने महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत संगणकाची ओळख करून दिली, ते काम मोठंच आहे. पण ओळख झाल्यानंतरची पुढची पायरी सार्वजनिक व्यवस्थेत कुणी बांधलीच नाही.

त्यामुळे आज आयटीतला मुलगा किंवा मुलगी शिकते ती भीतीने. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्यांत मधल्या आणि वरच्या पदांवरचे लोक अधिक होते. ही बातमी आली त्या आठवड्यात उपनगरातल्या किती घरांत रात्री अकरानंतर लॅपटॉप उघडले गेले असतील, याची मला कल्पना आहे. क्लाउडचं प्रमाणपत्र, डेटाचं प्रमाणपत्र, आता कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रमाणपत्र. शिफ्ट संपल्यावर, मुलं झोपल्यावर, स्वतःच्या पैशाने. स्त्रियांच्या वाट्याला ते आणखी उशिरा येतं, कारण त्यांची घरातली शिफ्ट नंतर संपते. कंपनी म्हणते, शिकण्याचं साहित्य आम्ही फुकट दिलं आहे. साहित्य दिलं, पण वेळ दिला नाही. आठवड्याच्या कामात त्याचे तास धरलेले नसतील, तर ते शिक्षण कर्मचाऱ्याच्या झोपेतून वजा होतं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

आयटीकडे मात्र एक गोष्ट आहे, ती डॉक्टरांनी घ्यावी. तिथे निकाल परत येतो. रिलीज केल्यावर काही बिघडलं तर लॉगमध्ये दिसतं, तिकीट उघडलं जातं, आणि चांगल्या टीममध्ये दुसऱ्या दिवशी सगळे बसून काय, कधी, का बिघडलं ते लिहून काढतात. कोड लिहिणाऱ्याला शिक्षा न करता ते लिहिण्याची पद्धत आहे. मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत मृत्यूंची चर्चा करणाऱ्या बैठका असतात, त्यांचंच हे भावंड. पण एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला अशी बैठक आयुष्यभर मिळत नाही.

आणि आयटीत एक गोष्ट कमी आहे, ती वैद्यकाकडून घ्यावी : माणसाजवळ बसणं. एका रुग्णालयाच्या नोंदप्रणालीचं काम पाहताना मला असं दिसलं. लहान मुलांच्या वॉर्डमधली सिस्टर मुलाचं वजन संगणकात भरण्याआधी तळहातावर पेनने लिहीत होती. मी कारण विचारलं. वजनाच्या चौकटीत आपोआप ६० किलो येत होतं. कुणीतरी मोठ्यांच्या वॉर्डासाठी ठेवलेली ती सोय होती. घाईत ती चौकट तशीच पुढे गेली असती, तर मुलाच्या औषधाची मात्रा ६० किलोच्या माणसाची निघाली असती. सिस्टरने धोका ओळखला होता आणि तळहातावर उपाय शोधला होता. ज्या मुलाने तो स्क्रीन बनवला, तो हुशार होता, नव्या तीन तंत्रांची प्रमाणपत्रं त्याच्याकडे होती. वॉर्डमध्ये उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आम्ही त्याला एक सकाळ तिथे उभं केलं. दुपारी चौकट रिकामी झाली, आणि त्याने आपणहून अशा आणखी दोन जागा शोधून काढल्या.

ही बाब किती जिवावरची आहे ते थेरॅक-२५ या यंत्राने जगाला दाखवलं. कर्करोगाला किरणोपचार देणारं हे कॅनडातल्या कंपनीचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. आधीच्या यंत्रात चूक झाली तर अडवणारी विद्युत-यांत्रिक कुलपं होती, नव्यात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. टेक्सासमधल्या टायलर गावच्या केंद्रात मार्च १९८६ मध्ये एका रुग्णाला झटका बसला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढंच आलं. कंपनीचे अभियंते आले, त्यांना दोष सापडला नाही. एप्रिलमध्ये दुसरा रुग्ण. तेव्हा तिथले भौतिकतज्ज्ञ आणि यंत्र चालवणारी ऑपरेटर दोघं यंत्रासमोर बसले. तिने त्या दिवशी काय दाबलं होतं ते आठवून पुन्हा पुन्हा दाबलं. किरणांचा प्रकार चुकून भलताच टाइप झाला, तिने कर्सर वर नेऊन तो दुरुस्त केला आणि भराभर पुढे गेली. ही दुरुस्ती सुमारे आठ सेकंदांच्या आत झाली की यंत्र गोंधळत होतं. सवयीने तिचा हात वेगवान झाला होता, म्हणूनच दोष तिच्या हाताखाली उघडा पडत होता. अभियंते सावकाश टाइप करत असल्याने त्यांना तो दिसत नव्हता. ऑपरेटर, भौतिकतज्ज्ञ आणि सॉफ्टवेअर लिहिणारा एका खोलीत आधी बसले असते, तर? हा प्रश्न मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे आता वैद्यक आणि संगणक एका टेबलावर आलेच आहेत. २०१२ पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि ती निक्षय या प्रणालीत होते. मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली, ऑनलाइन रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने तीन वर्षांत एक अभ्यासक्रम पुरा करावा असं त्यांत म्हटलं. निक्षयकडे मी मोठ्या आशेने पाहतो. रुग्णाने डॉक्टर बदलला, औषध सोडलं, पुन्हा आजारी पडला, हे तिथे दिसू शकतं. ते पहिल्या चिठ्ठीच्या डॉक्टरपर्यंत दर तीन महिन्यांनी साध्या मराठीत पोचवलं, तर १९९१ आणि २०१० चे आकडे तिसऱ्यांदा तसेच येणार नाहीत. आज ही माहिती वरती जाते, खाली परत येत नाही. कोड लिहून देणारी, एक्स-रे वाचून दाखवणारी यंत्रंही आली आहेत. त्यांचं उत्तर बरोबर आहे का, हे ताडून पाहायला ज्याने आपल्या कामाचे निकाल पाहिले आहेत असाच माणूस लागेल.

पवईच्या आयआयटीत एक काम चालतं, ते या सगळ्याचा नमुना म्हणून सांगतो. तिथल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पायथनपासून कितीतरी विषयांचे छोटे दृक्‌श्राव्य धडे मराठीतही मिळतात. धडा चालू ठेवून शेजारच्या खिडकीत स्वतः करत जायचं, अशी रचना. त्याच पद्धतीने बालरोगतज्ज्ञ रूपल दलाल यांनी आरोग्य आणि पोषणाचे धडे केले : बाळाला अंगावर घेताना डोकं कुठे, हात कुठे, बाळाचं तोंड किती उघडलेलं हवं. नर्स आणि आरोग्य सेविका ते पाहतात, आईला दाखवतात, आणि मग बाळाचं वजन करतात. आपण शिकलेलं लागू पडलं की नाही, हे काही दिवसांत वजनकाटा सांगतो. धडा, काम आणि निकाल इतके जवळ आणणारं दुसरं उदाहरण मला आपल्या शहरात माहीत नाही.

वैद्यक परिषदेकडे माझं मागणं हे की ३० तासांपैकी निम्मे तरी डॉक्टरच्या स्वतःच्या केसपेपरांवर, चार सहकाऱ्यांसोबत घालवलेले धरावेत. आयटी कंपन्यांकडे हे, की शिकण्याचे तास कामाच्या आठवड्यात लिहावेत आणि रुग्णालयाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून काही दिवस ओपीडीत उभं करावं. हे व्हायला वेळ लागेल.

मढला मात्र थांबायचं कारण नाही. इथे रुग्ण जेटीवर भेटतो, बसच्या रांगेत भेटतो. निकाल पाहण्याची ही सोय मोठ्या रुग्णालयांनाही नाही. म्हणून आजच्या कार्यक्रमाच्या संयोजकांशी बोलून एक ठरवलं आहे. मालवणीपासून मढपर्यंतच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी, नर्सनी, औषध दुकानदारांनी आणि आरोग्य सेविकांनी महिन्यातून एकदा याच सभागृहात दीड तास बसायचं. व्याख्यान नाही, प्रायोजक नाही. गावातल्या आयटीतल्या मुलामुलींपैकी दोघा-तिघांनी साधी नोंदवही संगणकावर करून द्यायची, पण आधी दोन बैठका नुसतं मागे बसून ऐकायचं. पहिल्या बैठकीला विषय ताप आणि खोकल्याचा. येताना मागच्या महिन्यातल्या अशा दहा रुग्णांचे केसपेपर आणा, रुग्णाचं नाव झाकून. शक्य असेल त्याला फोन करून पुढे काय झालं ते विचारा आणि कागदाच्या मागे लिहा. ज्यांना यायचं आहे त्यांनी बाहेर जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव, आणि आठवड्यातला कुठला वार सोयीचा ते लिहून जावं.